मधला गाळा

आपल्याच संघाचा गोल होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. तेवीस वर्षं या फुटबॉल क्लबच्या नोकरीत काढली, त्याआधी बापाच्या खांद्यावर बसून सामने पाहिले, आणि त्या शनिवारी दुपारी प्रेक्षक गॅलरीच्या पोटात, लोखंडी खांबांच्या मधे उभा राहून मी पुटपुटत होतो, नको रे बाबा, आज नको. हरलो तरी चालेल. शून्य-शून्य झालं तर फारच उत्तम.

माझं काम डागडुजीचं. वेल्डिंग, नळ, खुर्च्यांचे तुटलेले पाय, अडकलेली फाटकं, सगळं माझ्याकडे. पूर्वी आम्ही पाच जण होतो. दोघं निवृत्त झाले, दोघांना काढलं, आणि मलाही काढलं असतं तर सकाळी फाटक उघडायला कोणी उरलं नसतं, म्हणून मी राहिलो. लोक मला डागडुजीकाका म्हणतात.

आमचा क्लब म्हणजे बडा घर पोकळ वासा. एके काळी अठरा हजार माणूस आत मावायचं आणि तेवढंच बाहेर ताटकळायचं. आता तीन हजार आले तरी डोक्यावरून पाणी. तिकिटांवर दिव्याचं बिलसुद्धा निघत नाही. क्लब चालतो तो टीव्हीच्या पैशांवर, आणि पुढच्या दोन मोसमांचे टीव्हीचे पैसे आमच्या साहेबांनी आधीच गहाण टाकले होते. त्या पैशांतून एक परदेशी स्ट्रायकर आणला. तो सात सामने खेळला, गुडघा धरून बसला आणि विमानात बसून परत गेला. त्याचे हप्ते अजून चालू होते आणि आमचे पगार सहा महिने बंद.

टीव्हीवाल्यांच्या करारात एक कलम आहे. चित्र भरलेलं दिसलं पाहिजे. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की सामना मोठ्या चॅनलवरून छोट्या चॅनलवर टाकतात आणि हप्ता अर्धा होतो. कॅमेरे बसतात पश्चिमेला, त्यांचं तोंड पूर्वेच्या गॅलरीकडे. म्हणून आम्ही आलेल्या सगळ्या माणसांना पूर्वेच्याच गॅलरीत बसवतो. बाकी तिन्ही बाजू ओस. पाहुणे यायचे म्हणून घरातली एकच खोली आवरावी आणि सगळ्यांना तिथेच कोंबावं, तसा प्रकार. बाहेरच्या कुणाला खोटं वाटेल, पण आमच्याकडे याला रीतसर नाव आहे, 'चित्र भरणं'. सामन्याच्या दिवशी साहेबांचा पहिला प्रश्न असतो, चित्र भरलं का?

ही पूर्वेची गॅलरी सगळ्यात जुनी. दहा लोखंडी चौकटींवर उभी आहे, आणि दोन चौकटींमधल्या जागेला आम्ही गाळा म्हणतो. असे नऊ गाळे. पाचवा म्हणजे मधला. तो बरोबर कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर येतो.

चार महिन्यांपूर्वी मी त्या मधल्या गाळ्याखाली गेलो होतो. वरची पन्हळ फुटली होती आणि पाणी कित्येक वर्षं एकाच जोडावर ठिबकत होतं. रंगाचे पोपडे खरवडले, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडावर टेकवलं, आणि ते आत गेलं. साबणात जावं तसं. तुळई ज्या ब्रॅकेटवर बसते ते ब्रॅकेटच कुजलं होतं. चार बोल्टांपैकी दोन नुसते शोभेचे.

साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे क्लबचे मॅनेजर, गृहस्थ वाईट नाही, पण गळ्यापर्यंत बुडालेला.

"किती दिवसांचं काम?" त्यांनी विचारलं.

"आठवडाभर. क्रेन लागेल. गॅलरी बंद ठेवावी लागेल."

"गॅलरी बंद म्हणजे चित्र बंद. चित्र बंद म्हणजे हप्ता बंद. हप्ता बंद म्हणजे तुमचा पगार बंद."

"तो बंदच आहे साहेब."

"मग कायमचा बंद," ते म्हणाले. ते हसले नाहीत, मीही हसलो नाही. त्यांनी स्वतःचा फ्लॅट क्लबच्या कर्जाला तारण ठेवलाय हे मला मागाहून कळलं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून वार्षिक पाहणीचा कागद काढला. तपासायला येणारा इंजिनियर कधी गॅलरीखाली वाकत नाही. कपड्यांना जळमटं लागतात. डागडुजीवाल्याची सही पाहून तो शिक्का मारतो. कागदावर छापलेलं असतं, 'पाहणी केली, ठीक आहे', आणि खाली रेघ. "हप्ता आला की पहिलं काम तुमचं ब्रॅकेट," साहेब म्हणाले, "शब्द देतो." मी सही केली. पेन चालेना, म्हणून त्यांनी दुसरं दिलं, आणि मी त्यानेही केली. नाही म्हणायला दोनदा संधी होती मला.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्यासारख्यांनाच सुचतं. ब्रॅकेटमध्ये पुट्टी भरली, वरून रंग मारला, आणि मधल्या गाळ्यात कोणी बसू नये म्हणून वर दोरी बांधून पाटी लावली, 'रंग ओला आहे'. धोका आहे असं लिहिलं असतं तर गॅलरी बंद झाली असती. ओल्या रंगाला मात्र कोणी काही विचारत नाही. लोक दोन्ही बाजूंना बसायचे आणि मधे मोकळं राहायचं. मी स्वतःला म्हणायचो, वजन नाही तर भीती नाही. चार महिने मी या वाक्यावर झोपलो.

त्या सामन्याच्या आदल्या दिवशी टीव्हीवाली बाई आली. तिशीची असेल, कानावर हेडफोन, बोलायला गोड. मैदानावरून तिने गॅलरीकडे बोट दाखवलं.

"मधोमध पुढचा दात पडल्यासारखं दिसतंय हो. हे भरा. उद्या मोठ्या चॅनलवर आहे."

"तिथे रंग ओला आहे," मी म्हणालो.

"काका, कुठला रंग आहे हा? मागच्या वेळीही ओला होता, त्याच्या मागच्या वेळीही. आमच्या बाथरूमला लावायचा नाही म्हणून विचारते."

सगळे हसले. साहेब हसले, सुरक्षावाला हसला, आणि मीही हसलो. साहेबांनी हसता हसता दोरीची गाठ सोडली आणि पाटी काखेत मारली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा बोललो असतो तर? बोलायला काय लागतं? पण तोंड उघडलं तर पहिला प्रश्न आला असता, मग सही कशी केलीत? माणसं मेली तर तुरुंग, आणि खरं बोललं तरी तुरुंग.

मधला गाळा भरायला साहेबांनी युक्ती काढली. पगार नाही तर निदान मान, असं म्हणून त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना फुकट पास वाटले. रांगा ठरलेल्या, जागा ठरलेली. पाचवा गाळा. म्हणजे ज्यांचे पगार थकले होते, नेमकी त्यांचीच बायकापोरं.

घरी पोहोचलो तर दोन पास टेबलावर आधीच आलेले होते. माझी बायको क्लबच्याच जर्सींवर नावं शिवते. खेळाडू विकला गेला की नाव उसवायचं आणि नव्याचं शिवायचं, कारण नव्या जर्सींना पैसे नाहीत. त्या मोसमात नऊ नंबरचं नाव तिने चौथ्यांदा उसवलं होतं. अकरा वर्षांची पोरगी आरशासमोर गालाला क्लबचे रंग फासून बघत होती.

"उद्या जाऊ नका," मी म्हणालो.

"का?" बायकोने सुई थांबवली.

"ऊन असतं तिथे."

"अहो, वर पत्रा आहे. तुम्हीच बसवलाय."

"गर्दी असते."

"तीन हजारांची? तुमचं आपलं काहीतरीच." ती हसली. "टीव्हीवर दिसणार आम्ही. आईला फोन करून सांगितलंयसुद्धा."

मला सांगता आलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिने सुट्टेताईला सांगितलं असतं, आणि सुट्टेताईला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. सुट्टेताई आमच्या तिकीट खिडकीवर बसते. 'सुट्टे द्या' याखेरीज तिच्या तोंडून वाक्य निघत नाही, म्हणून हे नाव. तिचे दोन मुलगे, सात आणि नऊ वर्षांचे. त्यांचेही पास आमच्या पासांना लागूनच होते.

शनिवारी सकाळी मी शेजारच्या इमारतीच्या कामावरून लोखंडी टेकू उसने आणले. पाच मिळाले. लागणार होते बारा. ते मधल्या तुळईखाली उभे केले, स्क्रू आवळले, आणि जोडावर खडूने आडवी रेघ ओढली. ही आमची जुनी पद्धत. जोड हलला तर रेघ तुटते. सामना एक वाजता सुरू झाला, टीव्हीला तीच वेळ हवी होती, आणि मी मान वर करून त्या रेघेकडे बघत उभा राहिलो.

खालून सामना दिसत नाही. दिसतात ती फळ्यांच्या फटींतून चपलांची, बुटांची टोकं. तीन हजार माणसांचं वजन आवाजातून कळतं. सुरुवातीला नुसती कुजबुज होती. विसाव्या मिनिटाला कोणीतरी ताल धरला आणि सगळे पाय आपटायला लागले. माझ्या केसांत रंगाचे कपचे पडले. टेकूचे स्क्रू मी पुन्हा आवळले आणि हात इतके घामेजले होते की पाना दोनदा निसटला. माझ्या डोक्यावर सहा हात अंतरावर माझी पोरगी पाय आपटत होती. कुठले पाय तिचे हे मी शोधत होतो.

तेव्हाच मी देवाला साकडं घातलं. गोल नको. कारण गोल झाला की माणूस बसल्या जागेवरून उडतो आणि सगळे एकदम खाली येतात. सगळे एकदम, तेच वाईट.

अडतिसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला.

आधी क्षणभर शांतता होती, बहुतेक चेंडू हवेत असेल. मग वर ढगफुटी झाली. लोखंड ओरडलं. मी लोखंडात आयुष्य काढलंय, ते कुरकुरतं, कण्हतं, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. पुट्टीचा ढेपसा माझ्या पायाशी पडला. रेघ तुटली होती. तिचा तुळईवरचा तुकडा खांबावरच्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली आला होता. एक टेकू आडवा पडून फरशीवर गडगडत गेला.

मी पळालो. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत वर गेलो. सहाव्या रांगेत बायको आणि पोरगी अजून नाचत होत्या, शेजारी सुट्टेताई, तिच्या धाकट्याच्या हातात झेंडा. मी बायकोचा दंड धरला.

"आई पडली तुझी. फोन आलाय. चल लवकर."

तिचा चेहरा उतरला. पोरीचा हात धरून ती निघाली, पर्स तिथेच राहिली, ती सुट्टेताईने उचलून दिली.

"जा जा," सुट्टेताई म्हणाली. "जागा धरून ठेवते मी तुमच्या. काही लागलं तर सांगा हो."

मी तोंड उघडलं होतं. एवढं मला पक्कं आठवतं. धाकटा माझ्याकडे बघून झेंडा हलवत होता.

"बसा तुम्ही," मी म्हणालो. "बसा."

फाटकाबाहेर आलो तशी बायकोने आईला फोन लावला. फोन पहिल्या घंटेलाच उचलला गेला, आणि सासूबाईंचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "अगं दिसलात की मघाशी! पोरगी काय गोड दिसत होती! आता कुठे गेलात?"

बायकोने फोन खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांतले रंगाचे कपचे, हातातला पाना, सगळं तिने पाहिलं. मग मी सांगितलं. पुट्टी, सही, पाटी, सगळं, तिथेच रस्त्याच्या कडेला, तीन-चार वाक्यांत. चार महिन्यांचं ओझं सांगायला मिनिटही लागलं नाही.

ती फाटकाकडे धावली. मी तिचं मनगट धरलं. "ओरडलीस तर सगळे पळतील. जिना एक. पळाले तर खात्रीने कोसळेल." हे खरं होतं. आणि ते खरं असल्याचं मला बरं वाटलं, कारण त्यामुळे माझं पाप झाकलेलं राहत होतं, हेही खरंच. तिने सुट्टेताईला फोन लावला. त्या गोंगाटात घंटा कोणाला ऐकू येणार? तिने अकरा वेळा लावला.

उरलेला सामना आम्ही तिघांनी फुटपाथवर उभं राहून ऐकला. आतून आरडाओरडा आला की बायको डोळे मिटायची. मी गॅलरीच्या पत्र्याकडे बघत होतो, तो वाकतोय का म्हणून, आणि बघून बघून तो वाकल्यासारखाच दिसायला लागला. शेवटी शेवटी दुसऱ्यांदा ढगफुटी झाली. बायकोने पोरीला पोटाशी ओढून तिचे कान झाकले. मी मोजत राहिलो. एक, दोन, तीन. वीसपर्यंत मोजलं तरी वर नुसतं गाणं चालू होतं.

"बाबा, जिंकलो का आपण?" पोरीने विचारलं.

लोक नाचत बाहेर आले. सुट्टेताई आली, तिची दोन्ही पोरं आली. "आई कशी आहे?" तिने विचारलं. धाकट्याचं तोंड दोन्ही हातांत धरून माझी बायको रडायला लागली. सुट्टेताईला वाटलं म्हातारी गेली, तिने बायकोला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मी जमिनीकडे बघत होतो.

मंगळवारी टीव्हीचा हप्ता आला आणि आम्हाला एका महिन्याचा पगार मिळाला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाहिलंत? धरलं ना लोखंडाने?"

"दोन सूत खाली आलंय साहेब. पुढच्या वेळी नाही धरणार."

"शनिवारी अजून एक सामना. तो मोठ्या चॅनलवर झाला की मागचे सगळे पगार निघतात. सगळ्यांचे. मग लगेच तुमचं ब्रॅकेट." आम्ही दोघंही घाबरलेलो होतो. मला लोखंडाची भीती, त्यांना बँकेची, आणि दोघांनाही एकमेकांच्या तोंडाची.

घरात मात्र कोणी बोलत नव्हतं. बायको ताट वाढायची, समोर ठेवायची आणि मशीनवर जाऊन बसायची. पगाराचं पाकीट जिथे ठेवलं होतं तिथेच पडून होतं. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. शुक्रवारी संध्याकाळी तिने दोन नवे पास माझ्यासमोर ठेवले.

"उद्या आम्ही जाणार आहोत. त्याच जागेवर."

"वेड लागलंय का तुला?"

"सुट्टेताई पोरांना घेऊन बसणार आहे. मीही माझ्या पोरीला घेऊन बसेन."

"अगं, सांगितलंय ना मी तुला! पोरीला तरी नको."

"मग कोणाची पोर चालेल?" तिने विचारलं.

मी पास उचलून बाजूला सारले.

"मी कोणाला सांगू शकत नाही असं वाटतंय का तुला?" ती म्हणाली. वीस वर्षांत तिने मला अहो सोडून दुसरी हाक मारली नव्हती. "चार दिवस तेच डोक्यात आहे. सुट्टेताईच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले. पण मी सांगितलं तर साहेब म्हणतील, नावं शिवणारी बाई, तिला लोखंडातलं काय कळतं. कागद काढून दाखवतील. कागदावर सही तुझी आहे. तूच सांगायचं."

शनिवारी सकाळी सात वाजता मी वेल्डिंगचं मशीन फाटकाशी ओढत नेलं. पूर्वेच्या गॅलरीला दोन फाटकं. दोन्ही मी वेल्डिंग करून बंद केली. बिजागऱ्या, कडी, सगळीकडे नीट शिवण घातली. इतकं चांगलं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. ते कापायला क्लबात एकच गॅस कटर होता, माझा, त्याचं तोंड काढून मी गटारात टाकलं.

साहेब नऊला आले. आधी त्यांना कळेचना. मग त्यांनी फाटकाला लाथ मारली, मग मला शिव्या दिल्या, आणि मग पायरीवर मटकन बसले. "माझं घर गेलं," ते म्हणाले. "तुमचे पगार गेले. क्लब गेला. एका माणसाने दोनशे घरं बुडवली." मी म्हणालो, हो. दुसरं काय म्हणणार? त्यांचं काही खोटं नव्हतं.

साडेअकरापर्यंत फाटकासमोर हजारभर माणसं जमली. ऊन चढलं होतं. टीव्हीची गाडी मागे उभी होती आणि हेडफोनवाली बाई खाली उतरून फोनवर कोणाशी तरी भांडत होती. लोक फाटक हलवत होते. कर्मचारी पुढेच होते, बागकाम करणारे, कपडे धुणारे, झाडणारे, सगळे माझ्या ओळखीचे. "काका, उघडा ना," "काका, आज पगाराचा दिवस आहे," "काका, पायाला गोळे आले." माझी बायको पहिल्या रांगेत होती. पोरीचा हात तिच्या हातात, दुसऱ्या हातात पास.

मी बाटल्यांच्या क्रेटवर चढलो. दोनदा खाकरलो.

"गॅलरी कुजली आहे," मी म्हणालो. "मधला गाळा. खालचं ब्रॅकेट गेलंय. माणसं बसली तर पडेल. आज कोणी आत जायचं नाही."

गलका उठला. कोणी म्हणालं, थापा मारतोय. कोणी म्हणालं, मग दुसऱ्या बाजूला बसवा. टीव्हीवाली बाई पुढे आली, फाटकाच्या गजांमधून तिने वर गॅलरीकडे पाहिलं आणि पांढरी पडली. गेल्या शनिवारी तिनेच ती जागा भरायला लावली होती. तिने हेडफोन काढला आणि फोनवर म्हणाली, "नाही. रद्द करा. हो, मी सांगतेय." ते ऐकलं आणि लोकांना पटलं.

मग वारं फिरलं. कपडे धुणाऱ्या म्हाताऱ्याने माझा हात धरला. "काका, वाचवलंत आम्हाला." मागून कोणी टाळी वाजवली, मग दहा-वीस जणांनी वाजवल्या. साहेब पायरीवरून उठले आणि माझ्या कानाशी आले. "आज सकाळीच कळलं, एवढंच म्हणा," ते हळूच म्हणाले. "तुम्हीही सुटाल, मीही." आणि खरं सांगतो, मला ते ऐकून केवढं हायसं वाटलं! पगार गेला होता, नोकरी गेली होती, पण मी वाचवणारा ठरत होतो. अजून एक वाक्य बोललो असतो तर आयुष्यभर ठरलो असतो.

गर्दीतून सुट्टेताई पुढे आली. दोन्ही पोरं तिच्या दोन्ही बाजूंना. ती ओरडत नव्हती. क्रेटशी येऊन तिने मान वर केली.

"काका, मागच्या शनिवारी तुम्ही ह्यांना घेऊन गेलात. गोल झाला आणि लगेच आलात." तिने माझ्या बायकोकडे बोट केलं. "ह्यांची आई पडली नव्हती. मला परवा बाजारात धडधाकट भेटली. मी म्हटलं, असेल काही." ती थांबली. तिने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

टाळ्या थांबल्या होत्या. साहेबांनी माझ्या पँटच्या पायाला धरून हलकेच ओढलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती, ती सुट्टेताईकडे बघत होती. माझी पोरगी मात्र माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो.